डालग्याचा झगा

बुधवार, बहुतेक ११ तारीख

दादा,

पत्राचा मायना कसा लिहायचा ते शाळेत शिकवत होते तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते, म्हणून नुसतंच दादा. फोन तू उचलत नाहीस. पत्ता तुझ्या जुन्या वर्कशॉपमधल्या वेल्डरने दिला. आधी देईना. म्हणाला, "तुमच्या घरच्या भांडणात मला कशाला ओढता?" मग मी त्याच्या दारातल्या बाकावर बसून राहिले. बोलले काहीच नाही, नुसती बसले. माणसं कंटाळतात, हा माझा गावोगावचा अनुभव आहे.

मी घरी आलेय. दोन-चार दिवसांसाठीच. तंबूवाल्यांचं एक काम संपलं, दुसरं लागायचं होतं, म्हटलं मधल्यामध्ये आईला तोंड दाखवून यावं. आईने दार उघडलं नि म्हणाली, "आलीस का भिंगरी? चपला बाहेरच राहू देत, साऱ्या दुनियेची धूळ असेल त्यांना." मग माझी पिशवी उचलून बघितली. हलकी होती. मी राहायला आले नाही हे तिला तेवढ्यावरून कळलं.

बातमी अशी की बाबांचं दुकान जातंय. अख्खी इमारतच पाडणार आहेत. महिनाअखेर गाळा रिकामा करून द्यायचा. लोकांनी त्यांना दुसरे गाळे दाखवले. बाबा प्रत्येक ठिकाणी गेले, दारात उभे राहिले, डावीकडे बघितलं आणि परत आले. तुला आठवत असेल, दुकानात मशीनच्या डाव्या हाताला ती मोठी खिडकी आहे. उजेड डावीकडून आला की हाताची सावली शिवणीवर पडत नाही. "खिडकी नाही," एवढंच म्हणायचे. गाळेवाले म्हणायचे, ट्यूब लावा की मास्तर. पूर्वी असं कोणी म्हटलं की त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं: "ट्यूबखाली काळा दोरा नि निळा दोरा एकच. निळ्या पँटीला काळी शिलाई घातली तर गिऱ्हाईक मला काळानिळा करेल." हल्ली ते असं काही म्हणत नाहीत. नुसते चपला घालतात.

मागच्या अंगणात तुझा सांगाडा तसाच उभा आहे. पाइपांचे त्रिकोण, त्रिकोणाला त्रिकोण जोडून अर्ध्या चेंडूसारखा घुमट. तू सोडून गेलास तेव्हा होता तसाच. एक बोल्ट ढिला नाही. मी सगळे हलवून बघितले. आईने एका बाजूने भोपळ्याचा वेल चढवलाय आणि दुसऱ्या बाजूवर कपडे वाळत घालते. ती त्याला डालगं म्हणते. कोंबड्या झाकायचं असतं ना, ते. "डालग्यावरचे टॉवेल काढून आण गं." बाबा त्याला काहीच म्हणत नाहीत. ते मागचं दारच उघडत नाहीत.

परवा आई टॉवेल काढत होती आणि मी पायरीवर बसून खात होते. ती म्हणाली, "यावर काहीतरी घातलं तर?" मी म्हटलं, मशीन मावेल. ती म्हणाली, "कटिंगचं टेबलही मावेल. आणि एक गिऱ्हाईक. बारीक असलं तर."

बाबांना विचारलं. ताटातून मान वर न करता म्हणाले, "त्याच्या खुळात मी बसणार नाही. मला दुकानात दोन हात हवे होते तेव्हा हा मागे स्वतःसाठी पिंजरा बांधत बसला होता." पुढे जेवले. तू नि ते, एकाच थानातून कापलेली कापडं.

तर मला एवढंच विचारायचंय. यावर काय घालायचं तुझ्या मनात होतं? त्यातल्या तीन त्रिकोणांनाच निळी चिकटपट्टी का गुंडाळलीस? आणि खाली सिमेंटमध्ये ते चार उथळ खड्डे कसले? मांजर त्यातलं पाणी पितं, त्याची सोय झाली, पण तू काही मांजरासाठी केले नसशील.

एक ओळ लिहिलीस तरी चालेल.

भिंगरी


मंगळवार. तारीख माहीत नाही, आईने कॅलेंडर भिंतीकडे तोंड करून टांगलंय

दादा,

एक ओळ आली नाही. असो.

पहिली ताडपत्री. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे निळीच होती. आई नि मी दोघींनी मिळून ती घुमटावर फेकली, आणि मग कळलं की सपाट कापड गोल वस्तूवर कधीच बसत नाही. चेंडू कागदात गुंडाळून बघ. सगळीकडे चुण्या आणि चोची. तरी दोऱ्या करकचून बांधल्या आणि आत गेलो.

आत सगळं निळं. आई निळी, मी निळी, मांजर निळं (त्याला काही फरक पडला नाही). आईने पदराआडून बाबांच्या तीन रिळी काढल्या. तिने मुद्दाम आणल्या होत्या, मला सांगितलं नव्हतं. पांढरा, मोतिया आणि फिका पिवळा. तिन्ही एकच. आम्ही आळीपाळीने ओळखायला बघितलं आणि दोघी चुकलो. "इथे शिवलेला शर्ट घालून गिऱ्हाईक बाहेर उजेडात गेलं," आई म्हणाली, "की तसंच मागे वळून भांडायला येईल." ताडपत्री उतरवली.

मग फ्लेक्स. मोठमोठ्या जाहिरातींचा असतो तो. माझ्या ओळखीचा एक पेंटर आहे, आता पेंटिंग करत नाही कारण आता सगळं छापूनच येतं, तो तेच फलक चढवायचं नि उतरवायचं काम करतो. चांगला माणूस आहे, शिडीवर झोपतो. म्हणजे खरंच झोपतो, मी बघितलंय, एक हात पायरीत अडकवून. ते जाऊ दे. त्याने एक उतरवलेला फलक दिला. मजबूत होता, पाण्याला दाद देत नव्हता. पण दंतमंजनाचा. पसरला तर एका बाईचे दात, एकेक दात माझ्या पाठीएवढा. चित्र बाहेर ठेवलं तर गल्ली हसते, आत ठेवलं तर शिवणाऱ्याच्या डोक्यावर अख्खी बत्तिशी. आई म्हणाली, "एवढ्या दातांखाली माझ्याने केरसुद्धा काढवणार नाही." शिवाय वास. तो फ्लेक्स आता भोपळ्याखाली अंथरलाय.

मध्ये मला वाटलं प्लायवूडचे त्रिकोण कापून बसवावेत. एक कापला. अर्धा दिवस गेला. बसवायला गेले तर बसेना. तू पाइप दोन मापांचे वापरलेत, त्यामुळे त्रिकोणही दोन जातींचे आहेत, हे मला कापून झाल्यावर समजलं. हात दाखवून अवलक्षण. आईने त्याचं पाण्याच्या पिंपावर झाकण केलंय. पिंप गोल, झाकण तिकोनी.

हाताला फोड आलेत. एरवी मी एवढे दिवस एका जागी राहत नाही, त्याचाही शीण असतो, तुला कळायचं नाही. की तुलाच कळेल.

बाबा बरे आहेत.

भिं.


शनिवार, २१ (आज कॅलेंडर सरळ केलं)

दादा,

आधी हे. मागच्या पत्रात बाबा बरे आहेत असं लिहिलं, ते लिहायचं म्हणून लिहिलं. आजारी नाहीत. पण दुकानाची पाटी उतरवली त्या दिवसापासून दुपारीच घरी येतात आणि भिंतीकडे तोंड करून पडतात. नवीन माप घेत नाहीत. एक जुनं गिऱ्हाईक घरापर्यंत आलं, म्हणालं, मास्तर, निदान ही पँट तरी कमरेत घ्या. बाबा म्हणाले, "आता पट्टा वापरा."

आई म्हणाली, "लग्न झाल्यापासून बघतेय, हा माणूस झोपेतसुद्धा पाय हलवतो, मशीन मारल्यासारखा. मला चीड यायची. आता हलत नाहीत गं." एवढं म्हणून ती भांडी घासायला गेली आणि घासलेलीच भांडी परत घासत बसली.

म्हणून मी अजून इथे आहे. तंबूवाल्यांनी दोनदा निरोप पाठवलाय.

प्लास्टिक करून बघितलं. मी त्या रोपवाटिकेत होते ना (तू नव्हतास तेव्हा, म्हणजे तुला माहीत नाही; होते), तिथे रोपांवर घालतात ते जाड, दुधी पारदर्शक प्लास्टिक. तिथे एक शेळी ते खायची. रोपं सोडून प्लास्टिक. मालक म्हणायचा, हिला भविष्य कळलंय. तर उजेडाला ते एक नंबर. तिन्ही रिळी वेगवेगळ्या दिसल्या, आईने टाळ्या वाजवल्या. आणि सकाळी जाऊन बघते तर आतून घुमटाला घाम फुटलेला. रात्रभराची वाफ आतून धरते आणि थेंब थेंब खाली. खुर्चीवर बाबांचा जुना शर्ट ठेवला होता परीक्षेला, तो पिळून वाळत घालावा लागला. गिऱ्हाइकाचं कापड तिथे एक दिवस टिकणार नाही. दुपारी तर आत भाजून निघतं.

शेवटी कॅनव्हास. हे मला पहिल्यांदाच सुचायला हवं होतं, मी आयुष्यभर तंबूच ठोकतेय. पण घरात आलं की मला माझंच काही आठवत नाही. जाड सुती कॅनव्हास मळकट पांढरा असतो, आत उजेड मऊ येतो आणि रंग बदलत नाही. वारा थोडा खेळतो, त्यामुळे घाम नाही. पाऊस पडला की सूत फुगतं आणि सुईची भोकं आपोआप बुजतात. फक्त ओलं असताना आतून बोट लावायचं नाही. जिथे बोट लागेल तिथून गळती सुरू होते. तंबूवाल्यांकडून नवं थान आणलं. त्या बदल्यात पुढचा अख्खा हंगाम त्यांच्याकडे राहीन असं कबूल केलंय. आईला सांगू नकोस. तू कशाने सांगणार म्हणा, तुझ्या तोंडात मिठाची गुळणी.

भिजवल्याशिवाय कापड कापायचं नाही हे आपल्या घरात जन्मताच कळतं. आम्ही ते थान टाकीत बुडवलं, तुझ्याच सांगाड्यावर वाळवलं. आटलं चांगलंच. मग रात्री जेवताना आई मुद्दाम मोठ्याने म्हणाली,

"भिंगरी शिवणार म्हणतेय."

बाबा पलंगावरच पडलेले.

"मोठ्या टाक्यांनी शिवेन म्हणते. हातानेच."

"हिने लहानपणी उशीचा अभ्रा शिवला होता," भिंतीकडून आवाज आला, "त्यात उशी जाईना."

"बाबा, ती उशी फुगलेली होती."

"उशी फुगलेलीच असते."

मी म्हटलं, शिवण म्हणजे काय मोठं, दोन कडा धरायच्या नि जोडायच्या. हे मी ठरवून म्हटलं. आईने ताटं उचलली. मग भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाले, "माप आण."

अंगणात मात्र आले नाहीत. मी टेप घेऊन एकेका त्रिकोणाचं माप घ्यायचे, मागच्या दारातून ओरडायचे, ते पुढच्या खोलीत लिहून घ्यायचे. मध्येच विचारलं, "खांदा कसा आहे? उभा की पडका?"

"बाबा, घुमट आहे तो."

"म्हणून काय झालं? खांदा सगळ्यांना असतो."

रद्दी पेपरावर नमुने कापले, दोन जातींचे. तुझी ती निळी पट्टी काय आहे ते मी त्यांना सांगितलं नाही, मलाच माहीत नाही. दुकानाचे राहिलेले दिवस आम्ही तिथे कॅनव्हास शिवतोय. बाबा मशीन मारतात, मी पलीकडून कापडाचं ओझं उचलून धरते, आणि आम्ही बोलत नाही. सुया मोडतात. खिडकीतून उजेड येतो.

तुझी बहीण


सोमवार, ३०

दादा,

दुकान दिलं. मशीन पुढच्या खोलीत आणून ठेवलंय, वर चादर घातलीय. पाहुण्यासारखं बसलंय ते, हात मांडीत घेऊन. किल्ली द्यायला बाबा एकटेच गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात खिडकीची खिट्टी होती. मालक म्हणाला म्हणे, तशीही मोडणारच आहे.

आणि कॅनव्हास बसला नाही.

म्हणजे चढला. खालचे तुकडे आधी, वरचे त्यांच्यावर चढते ठेवलेले, पाणी आत जायला वाव नाही, सगळ्या शिवणी दुहेरी, बाहेरून एक धागा दिसणार नाही. शिवण म्हणशील तर मी एवढे तंबू बघितले, अशी बघितली नाही. पण सैल. सगळीकडे सैल. बाबांनी प्रत्येक शिवणीत लूज सोडलंय. सवय. माणूस खाली बसतो, हात वर करतो, जेवल्यावर पोट पुढे येतं, तेवढी जागा कापडात ठेवायची. त्यातून आमचं कापड आधीच भिजवून आटवलेलं, म्हणजे पुढे आटूनही ते घट्ट व्हायचं नाही. घुमट काही जेवत नाही की वाकत नाही. एकदा येऊन बघितलं असतं तर त्यांना एका नजरेत कळलं असतं. न बघता शिवलं.

परवा वारा सुटला तर रात्रभर नुसतं फट्ट, फट्ट. कोणीतरी ओली चादर दगडावर आपटतंय असं. असं आपटत राहिलं तर पाइपाच्या कडेवर कॅनव्हास महिन्याभरात चिरेल. पहाटे सर आली. सैल पडलेल्या जागी पाणी साचलं आणि छताला पोट सुटलं. ते उतरवायला आईने आतून झाडू लावला. मी बोट लावू नका म्हटलं होतं, म्हणून तिने झाडू लावला. आता तिथून गळतंय.

सकाळी शेजारचे काका कुंपणावरून बघत होते. चहाचा कप हातात, वेळच वेळ. बाबा पुढच्या दारात दाढी करत होते, त्यांना ऐकू जाईल अशा बेताने काका म्हणाले, "काय मास्तर, डालग्याला झगा शिवलात का? वाढत्या अंगाचा?"

बाबांनी तोंड पुसलं. अर्धी दाढी तशीच.

मी आत जाऊन म्हटलं, बाबा, सैल झालंय. म्हणाले, "तू मापात चुकलीस." मी म्हटलं, मी नाही चुकले. तुम्ही माणसाचं शिवलंत. एवढ्यावर त्यांनी उरलेली दाढी केली आणि जाऊन पडले. भिंतीकडे.

मी थकलेय रे. मला असं एका जागी उभं राहून हरायची सवय नाही. इतर ठिकाणी हरायची वेळ आली की मी पिशवी उचलते. पिशवी भरून ठेवलीय, दाराशी. आईने ती बघितली आणि तिच्यात दोन साबण टाकले.

तू ये, असं मी लिहिणार होते. खोडलं. येणाऱ्याला बोलवावं लागत नाही आणि तुला बोलवून उपयोग नाही. फक्त वाटतं, तो सांगाडा तू स्वतःसाठी इतका नीट का बांधलास, आणि बांधून टाकून का गेलास.

भिं.


गुरुवार, २ तारीख

दादा,

हे पत्र मी घुमटात बसून लिहितेय. थांब, नीट सांगते, नाहीतर माझं भरकटेल.

काल सकाळी उठले तर मागचं दार उघडं. बाबा अंगणात उभे. गळ्यात टेप, कानावर खडू, आणि सदऱ्याच्या कडेला आईचे कपड्यांचे चिमटे ओळीने लावलेले. पाठ माझ्याकडे होती. घुमटाकडे बघत होते, गिऱ्हाईक आरशासमोर उभं केलं की लांब जाऊन बघतात तसे, मान थोडी तिरकी. कुंपणापलीकडे काका कप घेऊन हजर.

"मास्तर, आता काय?"

"ट्रायल," बाबा म्हणाले. "पहिल्या ट्रायलला कपडा सैलच असतो. तुम्हाला कधी ट्रायल देऊन शिवलं नाही ना कोणी, म्हणून माहीत नसेल."

काका कप घेऊन आत गेले. आईने तोंडाला पदर लावला.

बाबा बाहेरून एक फेरी मारून आले. कापड चिमटीत धरून बघत, स्वतःशी पुटपुटत, "इथे खांदा. इथे खांदा. सगळा खांदाच आहे." आणि मग घुमटाच्या दाराशी थांबले. शिवणी सगळ्या आतून, बाहेरून धागा दिसत नाही अशी त्यांचीच शिवण. सैल पडलेलं कापड धरायचं, चिमटा लावायचा, खडूने खूण करायची, तर आत जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी नि आई, दोघींनी दुसरीकडे बघितलं. मी भोपळ्याकडे. जेव्हा परत बघितलं तेव्हा ते आत होते.

मग आम्ही कामाला लागलो. मी बाहेरून पाइपावर कापड ताणून धरायची, ते आतून दुमडून चिमटा लावायचे. "ओढ. अजून. बास. सोडू नकोस गं, वाऱ्यावर असतेस का?" आई चिमटे पुरवत होती. चिमटे संपले तेव्हा तिने वाळत घातलेले कपडे काढून त्यांचे दिले. ओल्या कपड्यांचा ढीग पायरीवर. दुपार झाली. ऊन डोक्यावर, पण आत मऊ उजेड. घुमट नुसता चिमट्यांनी भरलेला, साळिंदर उलटं करून घातल्यासारखा.

बाबा दमले. आईने शिवणाचं स्टूल आणून दिलं. ते मध्ये कुठेतरी ठेवून बसले आणि त्यांची टाच एका खड्ड्यात गेली. पाणी उडालं.

"हे खड्डे कोणी केले?"

मी म्हटलं, दादाने. मांजर पाणी पितं त्यातलं.

ते खाली बघत राहिले. मग स्टुलावरून उतरले, उकिडवे बसले, खड्ड्यांतलं पाणी हाताने उपसलं आणि गळ्यातला टेप काढून एका खड्ड्यापासून दुसऱ्यापर्यंत धरला. मग आडवा. मग परत उभा. मला वाटलं त्यांना काही सापडेना. त्यांना पहिल्या मापातच सापडलं होतं, ते नुसतं परत परत बघत होते.

"मशीनचे पाय आहेत," म्हणाले. "आपल्या मशीनचे. मागचे दोन जरा आत, बघ. असं मशीन दुसरं कुणाकडे नाही, ते मीच कापून घेतलेत."

आई म्हणाली, "मग?"

बाबांनी स्टूल उचललं, खड्ड्यांसमोर मांडलं आणि बसले. मशीन नव्हतं पण हात मशीनवर ठेवल्यासारखे पुढे झाले. आणि मान डावीकडे वळली, आपोआप, ते त्या सगळ्या गाळ्यांच्या दारांत वळवायचे तशी. डाव्या हाताला, त्यांच्या खांद्याच्या जरा वर, पाइपांना निळी पट्टी गुंडाळलेले तीन त्रिकोण. वर आमचा कॅनव्हास, शिवून बंद केलेला.

"तिकडून ऊन येतं का कधी?"

"कधीच नाही," आई म्हणाली. "टॉवेल वाळत नाहीत तिथे. म्हणून तर ती बाजू मोकळी ठेवते."

"ऊन नकोच असतं. उजेड पाहिजे."

मांजर आलं, खड्डे कोरडे बघून गेलं. बाबा बसून होते. चेहरा मला दिसत नव्हता, मी त्यांच्या मागे होते आणि पुढे जायची माझी हिंमत झाली नाही. मग त्यांनी कानावरचा खडू काढला, उठले आणि त्या तीन त्रिकोणांवर आतून रेघ मारली. कापायची रेघ. म्हणाले, "ते तुझं शेळीचं प्लास्टिक उरलंय का?"

उरलं होतं. तेवढ्या तीन त्रिकोणांपुरतं तर नक्कीच.

दादा, तू सांगितलं का नाहीस? एक वाक्य होतं. बाबा, हे तुमच्यासाठी आहे. ते पिंजरा म्हणाले तेव्हाच म्हणायचं होतंस. तू पाना खाली ठेवलास आणि गेलास. पण हे मी रागाने लिहीत नाही. रागवायला अंगात जोर लागतो.

काल उरलेला दिवस उसवण्यात गेला आणि आज सकाळपासून परत शिवण. पुढच्या खोलीतच शिवलं, कॅनव्हास पलंगावरून, माझ्या पिशवीवरून, सगळीकडून वाहत होता. दुपारी चढवला. आता तबल्यासारखा बसलाय. टिचकी मारली की वाजतो. आईने मारून बघितली, मग काकांनी कुंपणावरून हात लांब करून मारली, आणि मान हलवली. निळ्या पट्टीच्या तीन त्रिकोणांत प्लास्टिक आहे. तेवढ्याशा तुकड्याला घाम आला तर सकाळी पुसून घेऊ, फडकं आईने आत्ताच खुंटीला लावलंय. मशीन आम्ही तिघांनी उचलून आणलं. पाय खड्ड्यांत बसले. हलवून बघितलं, हललं नाही.

मी रविवारी निघतेय, तंबूवाल्यांकडे. हंगाम संपेपर्यंत तिथेच असेन, पत्ता मागे लिहिलाय. आयुष्यात पहिल्यांदा माझा पत्ता आहे.

मघाशी मी बाबांना म्हटलं, दादाला पत्र लिहितेय. तुला पत्रं जातात हे त्यांना आजवर माहीत नव्हतं, निदान मला तसं वाटत होतं. त्यांनी सुईत दोरा ओवला. डोळ्यांजवळ न नेता, तिथल्या तिथे. मी विचारलं, काय लिहू?

"लिही," ते म्हणाले. "उजेड डावीकडून येतो."

मी वाट बघितली. आणखी काही असेल म्हणून. पण त्यांनी ती पट्टा लावायला सांगितलेली पँट कमरेत घ्यायला घेतली होती आणि पाय चालू झाले होते, आणि मशीन चालू असताना बाबांशी बोलायचं नसतं, हे आपण दोघंही मार खाऊन शिकलोय.

भिंगरी